एका पाट्याच्या सुऱ्या

सुरी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आप्पा आधी बसवून घेत, पाणी देत, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत एक नवीकोरी सुरी मोडून दाखवत. गिऱ्हाईक नवं असलं तर दचकायचं, जुनं असलं तर चहा पीत बघत राहायचं. मोडलेल्या सुरीचे तुकडे बाजूच्या डब्यात जायचे आणि तिच्याबरोबरची, हुबेहूब तशीच दुसरी सुरी कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात यायची. "हिची सख्खी बहीण व्हती ती," आप्पा म्हणायचे. "ती कशी गेली ते बघितलंव न्हवं? मग आता हिच्यावर भरवसा ठिवा."

ज्याला घाई असेल त्याला ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत. तिथे रंगीत प्लास्टिकच्या मुठींच्या सुऱ्या दारातच टांगलेल्या असत. समोरचा दुकानदार आम्हाला मनापासून दुवा देत असणार, कारण त्याची निम्मी गिऱ्हाइकी आप्पांनीच पाठवलेली होती.

लातूरच्या गोलाईच्या बाजारातलं ते दुकान आता राहिलेलं नाही. तिथे हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात. मला कधी कव्हर लागलं तर मी दुसरीकडून घेते.

दुकान तसं भांड्यांचं. स्टीलचे डबे, कुकर, बादल्या, कुलपं, विळ्या, अडकित्ते आणि सुऱ्या. मी तिथे बिलं करायला लागले. बी.कॉम. झाल्यावर बँकांच्या परीक्षा देऊन देऊन जीव मेटाकुटीला आला होता, म्हटलं थोडे दिवस काहीतरी करू. ते थोडे दिवस पुढे बरेच लांबले.

पहिल्याच दिवशी एक बाई काळाठिक्कर पडलेला कुकर घेऊन आल्या. म्हणाल्या, काल इथून नेला, खराब निघाला, बदलून द्या. मी आधी गोड बोलले. मग पावती मागितली. त्या माझ्या आईबापाच्या संस्कारांवर आल्या. मी तरी सोसलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला दिसतं का नीट?" तेव्हा माझा पारा चढला. "मावशी," मी म्हटलं, "ह्या कुकरात तुमच्या नातवंडांच्या बारशाचा भात शिजलाय, आणि तुम्ही काल नेला म्हणता?" त्या बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आप्पांची थोरली बहीण होती ती. आप्पा मागच्या खोलीच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते.

"नोकरी पक्की, माय," ते म्हणाले. ते सगळ्याच बायकांना माय म्हणायचे. "कुठं मोडतीस ते कळलं. जी मोडतच न्हाई तिची मला भीती वाटती."

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, माणूस जरा सटकलेला दिसतो, सांभाळून राहा.

सटकलेला म्हणजे किती, ते मला हळूहळू कळत गेलं. त्यांच्या सुऱ्या भोकरच्या एका लोहाराकडून येत. ट्रकच्या चाकांवर कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे असतात, ते भंगारातून आणून तो त्यांच्या सुऱ्या घडवायचा. एका पाट्याच्या जेवढ्या सुऱ्या निघतील त्या एका सुतळीने बांधून पाठवायचा, कारण आप्पांची तशी सक्त ताकीद होती. जुडी आली की आप्पा डोळे मिटून तिच्यातली एक सुरी ओढत. मग त्या सुरीचे हाल कुत्रा खात नसे. मीठ घातलेल्या चिंचेच्या कोळात ती ठेवायची. उकळत्या पाण्यातून काढून बर्फात बुडवायची. गच्चीवरून फरशीवर टाकायची. करवंट्यांवर, बाभळीच्या वाळक्या ओंडक्यावर हाणायची. एवढ्यावर ती जगली तर मागच्या खोलीतल्या लोखंडी शिकंज्यात तिचं टोक आवळायचं, मुठीला पाइप जोडायचा, आणि वाकवत न्यायची, ती कड्‌ करून तुटेपर्यंत. हे जुडी आल्यावर एकदा. गिऱ्हाइकापुढे नुसतं शेवटचं वाकवणं.

"असं कोण वापरतं हो सुरी, आप्पा?" मी विचारलं होतं.

"माणूस न्हाई वापरत," ते म्हणाले. "येळ वापरती."

तुटल्यावर खरं काम सुरू व्हायचं. ते तुकडा उजेडात धरून भिंगातून तुटलेली जागा बघत. तिला ते मोड म्हणत. मोड रव्यासारखी बारीक असली तर पोलाद चांगलं. ज्वारीसारखी दाणेदार असली तर ती जुडीच्या जुडी भोकरला परत. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. शेजारचे कापडवाले एकदा म्हणालेही, "आप्पा, शीत बोटानं दाबून बघतात, गच्चीवरून टाकून न्हाई." आप्पांनी त्यांच्याकडचा शर्ट घेणं तेव्हापासून बंद केलं. शिवाय जाता जाता त्यांच्या एका कापडाची कड दोन्ही हातांनी टरकावून दाखवली.

आप्पांच्या घरी काकूंची काय दशा असेल ते सांगायला नको. पाहुणा येऊन बसायच्या आधी त्यांच्या खुर्च्यांवर सिमेंटच्या गोण्या बसलेल्या असत. छत्री पावसाळ्याआधी नळाखाली धरलेली असे, आणि तिथेच निकालात निघालेली असे. "ह्या घरात एक धड वस्तू न्हाई बघ," काकू मला म्हणाल्या होत्या, "समद्या पास झालेल्या हायेत." सुऱ्यांच्या दुकानदाराची ही बायको भाजी चिरायची ती माहेराहून आणलेल्या विळीवर, आणि चिरून झालं की ती विळी तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवायची.

ह्या सगळ्याला एक नियम मात्र होता, आणि आप्पा तो देवाच्या नियमासारखा पाळत. मोडायची ती विकायची नाही. विकायची ती शिकंज्यात धरायची नाही. का, असं विचारलं तर सांगत, "वाकवून सरळ केलेलं लोखंड सरळ दिसतंय गं माय, पर त्याला आठवण ऱ्हाती." गिऱ्हाइकाला द्यायची सुरी ते दोन बोटांत तान्ह्या लेकराला उचलावं तशी उचलत.

आप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आयुष्यात अंडंही न शिवलेला माणूस. आणि त्यांचा सगळ्यात जवळचा दोस्त होता औशाचा खाटीक. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांच्या घरात बापजाद्यांपासून हाच धंदा. लातूरला आप्पांकडे यायचं म्हणजे ते आंघोळ करून, पांढरा कुडता घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून एसटीत बसायचे. आप्पा त्यांच्यासाठी बाकड्यावर स्वतः फडकं मारायचे. मग हा शाकाहारी माणूस त्या खाटकाला बारीकसारीक प्रश्न विचारायचा. हाड कसं असतंय? सांध्यात सुरी कशी फिरती? अडकली तर जोर कुठल्या बाजूला पडतो? चाचा त्याला कळेल असं सांगायचे. "ओल्या चिंचेची फांदी बघा आप्पा, वरून नरम अन् मधी चिवट. तसं." दुसऱ्या दिवशी मला चिंचेच्या ओल्या फांद्या आणायला पाठवलं जायचं. बी.कॉम. झालेली मुलगी गोलाईतून फांद्यांचा भारा घेऊन चाललेली लोक बघायचे.

चाचांची सुरी म्हणजे आप्पांच्या जिवाचा विषय. इतर गिऱ्हाइकं कांदे चिरणार. चाचांचा हात दिवसभर त्या पात्यावर. दरवर्षी बकरी ईदच्या आधी ते नवी सुरी न्यायला येत, आणि त्या दिवशी दुकानात सणासारखं वाटे.

त्या वर्षी पण आले. आप्पांनी चांगली मोड निघालेली जुडी काढली, तिच्यातली एक चाचांसमोर मोडली. मोड रव्यासारखी होती. मी पण भिंगातून बघितली. मग दुसरी कागदात गुंडाळायला घेतली. कापडवालेही येऊन बसले होते. चाचा खुशीत होते. त्यांना गंमत सुचली.

"आप्पा," ते म्हणाले, "तुमचा कारभार म्हंजे थोरलीला बघायचं अन् धाकटीसंगं निकाह लावायचा. माझीवालीला कधी बघितलंव का तुम्ही?"

सगळे हसले. मी पण हसले. कापडवाले तर मांडीवर थापा मारून हसले. आप्पाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. इतक्या वर्षांत त्यांच्या पद्धतीतलं भोक कुणी असं चारचौघांत बोट घालून दाखवलं नव्हतं. आणि दाखवलं ते चाचांनी.

"बघायचंय व्हय?" ते म्हणाले. कागद सोडला. सुरी घेऊन मागच्या खोलीत गेले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी चाचांची सुरी शिकंज्यात आवळली आणि वाकवली. थोडीथोडकी नाही, चांगली कमान होईपर्यंत. सोडली तर ती टंग करून सरळ झाली. चाचांनी टाळ्या वाजवल्या. "वा आप्पा! इसको बोलते सुरी!" आप्पांनी पातं पुसलं, उजेडात धरून बघितलं आणि चाचांच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः तपासलेली सुरी विकली होती. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत स्वतःशीच गुणगुणत होते.

ईदच्या दिवशी ती सुरी चाचांच्या हातात तुटली. सांध्यात फिरवताना मधोमध गेली, आणि जोरात असलेला त्यांचा उजवा हात मुठीवरून घसरून उरलेल्या धारेवर गेला. लातूरला आणलं, ऑपरेशन झालं. जखम भरली, पण बोटांच्या शिरा पुन्हा धड जुळल्या नाहीत. चाचांची बोटं मिटायची बंद झाली. पेला धरायचा तर दोन्ही हात लागायचे.

आम्हाला कळलं ते चाची दुकानात आल्या तेव्हा. दवाखान्यातून थेट आल्या होत्या. मला वाटलं, आता ही बाई आप्पांच्या नावानं शंख करणार, आणि केला असता तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि सुरीचे दोन तुकडे काउंटरवर ठेवले. स्वच्छ धुतलेले.

"ते म्हणाले, आप्पाला दे," चाची म्हणाल्या. "आप्पाला मोड बघायची असती, म्हणाले. सांभाळून उचल म्हणाले."

दवाखान्यात हात बांधून पडलेल्या माणसाला हे सुचावं! दोस्ती म्हणतात ती ही. पण त्या दोस्तीनंच आप्पांचा घात केला.

त्यांनी तुकडा भिंगाखाली धरला. मोड बारीक होती, चांगल्या पोलादाची होती. फक्त एका कडेला, नखाएवढ्या जागेत, काळपट डाग होता. म्हणजे तेवढ्या जागी चीर आधीपासून होती. तुटली ईदच्या दिवशी, पण तडा त्याआधी गेलेला होता.

किती आधी? एवढाच प्रश्न होता. तडा पाट्यातच असेल, ट्रक कुठल्यातरी खड्ड्यात आदळल्यावर पडलेला, तर तो आप्पांचा दोष नव्हता. आणि चाचांच्या चेष्टेवर चिडून आप्पांनी शिकंज्यात कमान केली तेव्हा तो पडला असेल, तर दोष दुसऱ्या कुणाचाच नव्हता. मधले दिवस ती सुरी पाण्यापावसाच्या, रक्तामांसाच्या कामात होती. डाग धरायला तेवढे दिवस पुष्कळ झाले. जुना डागही काळाच, आणि नवाही काळाच.

"बघ गं माय," ते मला रोज सकाळी भिंग देत. "ह्यो डाग जुना हाय का नवा?"

"जुना आहे, आप्पा."

"कशावरनं?"

मी पुन्हा बघायचे आणि पुन्हा जुना म्हणायचे. काही दिवसांनी त्यांनी मला विचारणं सोडलं. ते कापडवाल्यांना विचारायला लागले, कुलूप घ्यायला आलेल्या अनोळखी माणसांना विचारायला लागले.

एकदा मला बरोबर घेऊन ते भोकरला गेले. काकूंनीच मला गळ घातली, ह्यांना एकट्याला सोडू नको म्हणून. नांदेडला गाडी बदलेपर्यंत ते रुमालात बांधलेले तुकडे मांडीवर धरून बसले होते. लोहाराचं दुकान रस्त्यालाच होतं. आप्पांनी तुकडे पुढे केले आणि विचारलं, हा पाटा कुठला होता, कुठल्या गाडीचा, पाट्याच्या मधल्या भोकाजवळची तर ही सुरी नव्हती? पाटे तडकतात ते त्या भोकाशीच, हे मला तेव्हा कळलं.

लोहार भला माणूस होता. त्यानं तुकडे उलटेपालटे केले. "मी भोकाजवळचं टाकूनच देत असतो, आप्पा. पण लई दिवसांची गोष्ट हाय, देवाशपथ सांगता येत न्हाई. भंगारातल्या पाट्याला काय जन्मपत्रिका असती का?" मग जरा थांबून, अगदी साधेपणाने त्यानं विचारलं, "तुम्ही शिकंज्यात तर न्हाई ना घातली ही?"

आप्पा उठले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्यानं बरोब्बर इच्यारलं."

चाचा दवाखान्यात होते तोवर आप्पा त्यांच्याकडे रोज जायचे. चाचा त्यांना समजावायचे, नसीब का खेल हाय, तुम्ही कामून जिवाला लावून घेतायलाव? ह्यावर आप्पा चिडायचे. मी एकदा समोर होते. "नशिबाला मोड असती का?" ते ओरडले. "असंल तर दावा मला!" शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. चाचांनी डाव्या हाताने आप्पांचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्या वॉर्डात जखमी माणूस कोणता, हे नव्या माणसाला ओळखता आलं नसतं.

माफीचं हे असंच असतं. देणारा मोकळा होतो. घेणाऱ्याला ती कुठं ठेवू असं होतं.

मग आप्पांनी सुऱ्या विकणं थांबवलं. आधी भोकरच्या. मी म्हटलं, ठीक आहे, कंपनीच्या ठेवू. काही दिवसांनी कंपनीच्या पण काढल्या. "मोडून बघितली ती देता येत न्हाई," ते म्हणाले, "अन् जी देता येती ती कुणी बघितल्याली नसती. मग मी गिऱ्हाइकाला देत काय व्हतो इतकी वर्षं?"

मी चिडून म्हटलं, "आप्पा, सगळं जग असंच चाललंय. डॉक्टर, ड्रायव्हर, नवरे, सगळे न बघताच घेतात लोक."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला फार वाटायचं की त्यांना गदागदा हलवावं. इतकी वर्षं ह्या माणसानं आम्हाला हसवलं होतं, त्याच्या ह्याच वेडापायी लोक उदगीर-निलंग्याहून सुरी घ्यायला येत होते. वेड तेच होतं, फक्त आता ते उलटं फिरून त्यांनाच खायला लागलं होतं. सुऱ्यांच्या मागोमाग अडकित्ते गेले, कात्र्या गेल्या, विळ्या गेल्या. एक बाई शिडी मागायला आल्या तर आप्पांनी त्यांना शिडीवरून पडलेल्या माणसांबद्दल इतकं सांगितलं की त्या पाणी न पिताच गेल्या. काकू म्हणायच्या, अति तिथं माती. एरवी ठसक्यात बोलणारी ती बाई हे मात्र हळू आवाजात म्हणायची.

पुढच्या ईदच्या आधी, भर उन्हाळ्यात, चाचा आले. पांढरा कुडता, कानात फाया. उजवा हात खिशात घातलेला. आप्पांनी बाकड्यावर फडकं मारलं. पाणी दिलं. गिऱ्हाईक एकही नव्हतं.

"आप्पा," चाचा म्हणाले, "सुरी पायजे."

आप्पा पाण्याचा तांब्या झाकून ठेवायला लागले.

"डाव्या हातानं करायलोय आता. जमायलंय थोडं थोडं. पुतण्या म्हणतो, चाचा तुम्ही गल्ल्यावर बसा, मी करतो. पोरगं चांगलंय. पर ह्या ईदला ठोकळ्यापाशी उभा ऱ्हायलो न्हाई तर मग कधीच न्हाई, आप्पा. एकदा खाली बसलो की बसलोच." त्यांनी डाव्या हाताची मूठ उघडझाप केली. "बाजारातली घेतली व्हती. हातात धरली की जीव लकलक करतो. वाटतं आत्ता तुटती. तुमच्या हातची द्या. माझ्यासमोर वाकवा, तवा वाकवली व्हती तशी. न्हाई तुटली की माझं भ्या जाईल."

मला वाटलं, संपलं एकदाचं. देवानंच ह्यांना पाठवलं. आप्पांना दोष धुऊन काढायला ह्याहून चांगली संधी कुठली मिळणार होती? मी स्वतः उठले. मागच्या खोलीत फळीवर त्याच जुडीतल्या उरलेल्या सुऱ्या तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या, त्या आणून चाचांपुढे ठेवल्या. चाचांनी हात फिरवून एक निवडली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग ती घेऊन आत गेले. आम्ही दोघं मागोमाग; बाकीच्या सुऱ्या मी फडक्यासकट परत फळीवर ठेवल्या.

शिकंजा आवळला. पाइप जोडला. सुरी वाकली, कमान झाली. सोडली, टंग करून सरळ झाली. चाचांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं.

"बस, आप्पा. हीच द्या."

आप्पांनी सोडली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. पहिल्यापेक्षा जास्त. ती परत सरळ झाली. त्यांनी तिला उलट्या बाजूला वाकवलं.

"बस करो, आप्पा. हो गया."

आप्पा घामाने निथळत होते. कपाळावरचं भस्म ओघळून नाकावर आलं होतं. ते सगळं अंग टाकून पाइपावर लोंबकळले, आणि सुरी तुटली. त्यांनी तुकडा उचलून चाचांच्या डोळ्यांसमोर धरला. "बघा. हीबी मोडली." मी भिंग न घेताही सांगू शकले असते. मोड रव्यासारखी, कुठे डाग नाही, काही नाही.

चाचांनी फळीवरची दुसरी सुरी उचलली. पण ह्या वेळी ती आप्पांना दिली नाही. डाव्या हाताने छातीशी धरली. "हिला नका मोडू," ते म्हणाले. "ही मी अशीच नेतो."

"न बघता?"

"न बघता."

"न्हाई," आप्पा म्हणाले आणि सुरीच्या मुठीला हात घातला. मी ओरडले, कारण दोन म्हाताऱ्यांची सुरीवरून ओढाओढ होणार असं मला वाटलं. ओढाओढ झालीच नाही. आप्पांनी नुसता हात लावला आणि सुरी चाचांच्या मुठीतून निघून आली. आयुष्यभर उजव्यानं काम केलेल्या माणसाच्या त्या डाव्या हातात जोरच नव्हता. जमायलंय म्हणत होते ते जमत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं. चाचा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आप्पांनी ती पण शिकंज्यात धरली आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेऊन मोडली. ती पण चांगली निघाली.

चाचा खाली वाकले. जमिनीवरचे तुकडे त्यांनी दोन बोटांत उचलून खिडकीच्या उजेडात एकेक करून बघितले, इतक्या वर्षांत आप्पांनी शिकवलं होतं तसे.

"आप्पा," ते म्हणाले, "तुम्ही मोडता त्या समद्या चांगल्याच निघतात."

आप्पांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. ते फडक्यातली पुढची सुरी काढत होते.